गवतकापणी यंत्राचे सुटे भाग आणि ‘फक्त ओरिजिनल’ची अट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आणि नवी मुंबईत नेरूळ, ऐरोली, खारघर या भागांत मोठी गृहसंकुले, महाविद्यालयांची आवारे आणि कंपन्यांची प्रशस्त कार्यालये उभी राहिली, तशी त्यांच्या हिरवळीसाठी बसून चालवायची गवतकापणी यंत्रेही आली. या यंत्रांवर बहुधा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर, कावासाकी किंवा होंडा यांचे पेट्रोल इंजिन असते. अशी लहान इंजिने दुरुस्त करण्याचा माझा रबाळे येथे व्यवसाय आहे. तेव्हा या पत्रात माझा काहीच स्वार्थ नाही असा आव मी आणत नाही. मात्र जो मुद्दा मांडतो आहे तो माझ्या गिऱ्हाइकांच्याही हिताचा आहे, अशी माझी खात्री आहे.

मुद्दा वार्षिक देखभाल करारातील एका अटीचा आहे. ‘सर्व सुटे भाग मूळ कंपनीचेच वापरावेत’ असे वाक्य आता जवळपास प्रत्येक करारात असते आणि त्याच करारात, दोन-चार ओळी सोडून, काम सर्वांत कमी दर देणाऱ्यास मिळेल असेही लिहिलेले असते. मूळ कंपनीचे भाग परदेशातून येतात, त्यांवर सीमाशुल्क आणि वितरकाचा नफा चढतो, आणि नेमका हवा तो भाग साठ्यात नसेल तर आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत वाढलेले असताना एवढी वाट सोसायटीची कोणती कमिटी पाहील? मग होते असे की बिलावर ‘ओरिजिनल’ लिहिले जाते, यंत्रात जो मिळेल तो भाग बसतो, आणि अट पाळली गेल्याचे समाधान सेक्रेटरींना व कंत्राटदाराला, दोघांनाही मिळते. माझे म्हणणे असे की ही अट काढून टाकावी आणि तिच्या जागी कोणता भाग कोणत्या मेकचा चालेल व कोणता मुळीच चालणार नाही, हे भागवार लिहावे.

येथे एक गल्लत आधी दूर केली पाहिजे. इंजिन कंपनीच्या डब्यातून न आलेला प्रत्येक भाग बनावट नसतो. एखादा कारखानदार स्वतःच्या नावाने एअर फिल्टर बनवतो आणि डब्यावर अमुक इंजिनासाठी ‘सुटेबल फॉर’ असे छापतो, तेव्हा तो कायदा मोडत नाही. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 30 मध्ये सुट्या भागांसाठी असा प्रामाणिक उल्लेख करण्याची मुभा आहे. याउलट इंजिन कंपनीचेच नाव आणि बोधचिन्ह चोरून डबा छापणे हा त्याच कायद्याच्या कलम 103 खाली गुन्हा असून त्यास सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. ‘फक्त ओरिजिनल’ची अट व्यवहारात पहिल्या प्रकारच्या माणसाला बाहेर ठेवते आणि दुसऱ्याला आत घेते, कारण ज्याच्या डब्यावर कंपनीचे नाव आहे तोच डबा तपासणीत पास होतो.

शिवाय इंजिन कंपनी सारे भाग स्वतः घडवते असेही नाही. अनेक इंजिनांवरचे, हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारे कार्बोरेटर जपानच्या निक्की किंवा अमेरिकेच्या वॉल्ब्रो या कारखान्यांचे असतात आणि स्पार्क प्लग चँपियनचा किंवा एनजीकेचा असतो. बेअरिंग तर आंतरराष्ट्रीय मापानेच बनतात. 6203 क्रमांकाचे बेअरिंग जगात कुठेही घेतले तरी आत 17, बाहेर 40 आणि रुंदीला 12 मिलिमीटरच भरणार. ते मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या खात्रीच्या दुकानातून चांगल्या मेकचे घेतले तर इंजिन कंपनीच्या डब्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही. ऑइल सीलचेही तसेच. प्लग घेताना हीट रेंज (तो उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते) आणि आट्यांची लांबी जुळते ना, एवढे पाहिले की झाले.

आता जेथे तडजोड चालणार नाही तेथे येतो. पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड या इंजिनांत बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि लहान इंजिनांत तो मोटारीसारखा वेगळ्या बेअरिंगवर न फिरता थेट क्रँकशाफ्टवर फिरतो. म्हणजे त्या रॉडची मिश्रधातू आणि त्याच्या भोकाचा गुळगुळीतपणा हेच त्याचे बेअरिंग असते. इंजिन मिनिटाला 3,600 फेऱ्यांनी फिरत असताना पिस्टन दर सेकंदाला 120 वेळा दिशा बदलतो आणि तो सारा ताण या रॉडवर येतो. हलक्या धातूचा रॉड डोळ्यांना वेगळा दिसत नाही, वजनातही फारसा फरक नसतो. पण तो तुटला की क्रँककेसला (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचाला) भोक पाडूनच बाहेर येतो आणि मग दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. हा भाग मूळ कंपनीचाच हवा आणि त्याचे बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळले पाहिजेत.

त्याहून फसवी वस्तू म्हणजे इंजिनाचा वेग ठरलेल्या मर्यादेत ठेवणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग. ती बोटाच्या पेराएवढी आणि किमतीने किरकोळ असते, म्हणून हरवली वा ताणली गेली की कित्येक गॅरेजांत पत्र्याच्या डब्यात साठवलेल्या जुन्या स्प्रिंगांतून तशीच दिसणारी एक काढून अडकवली जाते. इंजिन सुरू होते, आवाजही खणखणीत येतो, गिऱ्हाईक खूश होते. पण त्या स्प्रिंगचा ताण जास्त असेल तर इंजिन ठरलेल्या वेगाच्या वर पळते आणि त्याच्याशी पट्ट्याने जोडलेली पातीही तेवढीच जास्त पळतात. अमेरिकेच्या मानकात अशा यंत्राच्या पात्याच्या टोकाला मिनिटाला 19,000 फुटांची मर्यादा घालून दिलेली आहे; हा वेग ताशी सुमारे 347 किलोमीटर होतो. तो वेग ओलांडलेल्या पात्याखाली एखादा खडा आला तर काय होईल, हे आवारात मुले खेळत असलेल्या सोसायटीला समजावून सांगण्याची गरज नसावी. म्हणून स्प्रिंग भाग-क्रमांक पाहूनच घ्यावी आणि बसवल्यावर टॅकोमीटर लावून फेऱ्या मोजाव्यात. टॅकोमीटर नसलेल्या मेकॅनिकला हे काम देऊच नये.

फ्लायव्हीलच्या चावीविषयीही, म्हणजे क्रँकशाफ्टवरचे जड चाक नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या तुकड्याविषयीही, असेच सांगावे लागते. ब्रिग्जच्या इंजिनांत ही चावी मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. पाते दगडावर वा झाडाच्या बुंध्यावर आदळले की ती कातरली जाते, इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सरकते आणि इंजिन बंद पडते किंवा सुरूच होत नाही. काही कारागीर पुन्हा तुटू नये या सद्भावनेने पोलादाचा तुकडा कानशीने घासून तेथे बसवतात. चावी मग तुटत नाही हे खरे, पण पुढच्या आदळीचा मार क्रँकशाफ्टला आणि फ्लायव्हीललाच सोसावा लागतो. मजबूत भाग तो चांगला भाग, हा आपल्याकडचा समज येथे चक्क उलटा ठरतो.

एअर फिल्टरकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते आणि इंजिने मरतात ती त्याच्याच पायी. नवी मुंबईत डोंगर फोडण्याची, बांधकामांची आणि रेडी-मिक्स प्रकल्पांची धूळ किती उडते ते येथे राहणाऱ्या वाचकांना ठाऊक आहे. अलीकडेच धूर आणि तेल खाण्याची तक्रार घेऊन माझ्याकडे एक इंजिन आले. फिल्टर नवा कोरा दिसत होता, कागदही चांगला होता. पण त्याच्या कडेचे रबर इतके कडक होते की ते फिल्टर बसवण्याच्या डबीच्या खाचेत नीट दबतच नव्हते. फिल्टर काढून आतल्या, म्हणजे स्वच्छ असायला हव्या त्या बाजूवर बोट फिरवले तेव्हा पिठासारखी करडी धूळ बोटाला लागली. कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत तिचा माग स्पष्ट दिसत होता. हेड उघडल्यावर सिलिंडरवर उभे ओरखडे होते आणि रिंगा झिजलेल्या होत्या. काही शे रुपये वाचवणारा तो फिल्टर पर्यायी मेकचा होता एवढ्यावरून सारेच पर्यायी फिल्टर वाईट ठरवू नयेत, कारण दुसऱ्या एका मेकचे फिल्टर मी स्वतः वापरतो आणि त्यांची कडा मूळ फिल्टरइतकीच मऊ असते. कडा दाबून पाहणे आणि काही आठवड्यांनी आतली बाजू बोटाने तपासणे, हे माळ्यालाही जमण्यासारखे आहे.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न कार्बोरेटरचा आहे. मूळ कार्बोरेटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या किमतीत त्याची हुबेहूब दिसणारी नक्कल मिळते आणि तिची बाहेरची घडण वाखाणण्यासारखी असते. दोष जेटमध्ये असतो. सुईच्या जाडीचे ते भोक किंचित लहान पडले की मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, इंजिन एका वेगावर न राहता खाली-वर करते आणि जास्त तापते. त्यात आता पेट्रोलच बदलले आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्याकडे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि आज पंपावर सर्वसाधारणपणे तेच मिळते. ब्रिग्ज आणि कोहलर यांच्या माहितीपुस्तिकांत मात्र 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे म्हटलेले आहे. इथेनॉलमुळे मिश्रण आणखी पातळ होते, साधे रबर फुगते किंवा चिरते, आणि दमट हवेत टाकीतले पेट्रोल पाणी ओढून घेते. म्हणजे येथे मूळ कंपनीचा भाग आणला तरी तो आपल्या पेट्रोलसाठी बनलेला असेलच असे नाही. एप्रिल 2023 पासून आपल्याकडील नव्या गाड्यांत या पेट्रोलला टिकणारे रबर व प्लास्टिक वापरले जाऊ लागले. त्यामुळे दुचाकीसाठी बनवलेली चांगल्या मेकची सहा मिलिमीटरची पेट्रोल नळी परदेशातून मागवलेल्या जुन्या साठ्यातील नळीपेक्षा या कामी अधिक भरवशाची ठरते, आणि ‘फक्त ओरिजिनल’ची अट नेमक्या या चांगल्या पर्यायाला मज्जाव करते. कार्बोरेटरच्या बाबतीत मी सांगेन की अख्खी नक्कल बसवण्याआधी मूळ कार्बोरेटर साफ करून त्यात इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची नीडल-सीट (पेट्रोलची आवक चालू-बंद करणारी सुई व तिची बैठक) आणि नवी गॅस्केट बसवून पाहावी. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागते.

पट्ट्याविषयी दोनच वाक्ये. पाती फिरवणारा पट्टा क्लचचेही काम करतो आणि पुलींवरून उलटाही वळतो, म्हणून पिठाच्या गिरणीचा साधा ए-सेक्शन पट्टा मापात बसला तरी थोड्याच दिवसांत करपतो. अरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोऱ्याचा पट्टा पर्यायी मेकचा असला तरी हरकत नाही.

या साऱ्यात अधिकृत वितरकांचीही एक जबाबदारी आहे. भागांची यादी आणि क्रमांक उघडपणे न देणे, सुटी गॅस्केट न देता पूर्ण संचच घ्यायला लावणे, बाहेरच्या कारागिराला भाग विकायलाच नकार देणे, हे अनुभव या व्यवसायातील कोणालाही नवे नाहीत. मोटारींच्या बाबतीत अशाच वागणुकीसाठी भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिले झाली, परंतु सुटे भाग खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत हे तत्त्व त्यातून मांडले गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात शेतीची अवजारे, मोटारी, मोबाइल आणि घरगुती उपकरणे यांचा समावेश आहे. बागेची यंत्रेही त्यात स्पष्टपणे आणावीत, अशी माझी सूचना आहे. आयात यंत्र विकणाऱ्याने भागांची यादी आणि दुरुस्ती पुस्तिका खरेदीदाराला दिलीच पाहिजे, असे झाले तर निम्मे वाद मिटतील.

तोवर सोसायट्यांनी, शाळा-महाविद्यालयांनी आणि उद्यानांची कंत्राटे देणाऱ्या पालिकांनी आपल्या करारात थोडा बदल करावा. कनेक्टिंग रॉड, गव्हर्नरची स्प्रिंग, फ्लायव्हीलची चावी, पाती आणि आसनाखालचा सुरक्षा स्विच यांना पर्याय चालणार नाही, असे नावानिशी लिहावे. (आसनावरून चालक उठताच पाती थांबवणारा हा स्विच तार जोडून कायमचा चालू ठेवलेला मी वारंवार पाहतो, आणि अशा यंत्राला हात लावण्यास मी नकार देतो.) फिल्टर, बेअरिंग, सील, प्लग, नळ्या आणि पट्टे यांसाठी मान्य मेक लिहावेत. बिलावर ‘ओरिजिनल’ वा ‘लोकल’ असे न लिहिता मेक आणि भाग-क्रमांक लिहून घ्यावा. बिलच न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. काढलेला जुना भाग आणि नव्या भागाचा रिकामा डबा कार्यालयात जमा करून घ्यावा. आयात केलेल्या मालाच्या डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि किरकोळ विक्रीची किंमत छापलेली असावी लागते. ती नसेल, तर कंपनीचे बोधचिन्ह कितीही झळकत असले तरी तो डबा परत करावा.

आपला,
एक इंजिन दुरुस्ती व्यावसायिक, रबाळे, नवी मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)