पेंढ्या बांधताना

सांगली,
१२ जानेवारी

प्रिय रेश्मा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रागावली असशील. सोमवार-मंगळवार फील्डवर्क आणि उरलेले दिवस त्याचे रिपोर्ट, यात आठवडा कुठे जातो कळत नाही.

साताऱ्याला समाजकार्याच्या एम.एस.डब्ल्यू.ला अ‍ॅडमिशन घेऊ का, असं विचारलंस. घे की. पण फी आणि होस्टेलच्या आधी एक चौकशी कर, तिथे आय.सी. खरंच होतात का? म्हणजे सुपरव्हायजरनं आपल्याला एकटीला समोर बसवून रिपोर्टावर बोलणं. पहिल्या वर्षी माझं एजन्सीत, म्हणजे फील्डवर्कला दिलेल्या संस्थेत, झेरॉक्स काढणं नि रजिस्टर भरणं झालं. तास भरले, सही मिळाली. १९३६ साली मुंबईत टाटांचं समाजकार्याचं स्कूल निघालं इथपासून सगळा इतिहास पाठ होता, माणसाशी बोलायचं कसं तेवढं राहिलं.

यंदा मिरजेच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळीवर आहे. बीडकडची माणसं. त्यात एक विधवा बाई आहे, दीर-जावेबरोबर अर्ध्या कोयत्यावर आलेली (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटीचा अर्धा). संध्याकाळी कोपीपुढे, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढे, ती विकायच्या वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधत होती, आणि मी उभ्याउभ्या संजय गांधी निराधार योजना सांगून मोकळी झाले. महिना १,५०० रुपये, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्न वर्षाला २१,०००च्या आत. (दिवसाला साठ रुपयेही पडत नाहीत गं! एवढ्यात कोण जगतं?) मान वर न करता ती म्हणाली, "ताई, तलाठी गावाकडं, मी फडात. दाखला कोण काढील?"

रिपोर्ट मात्र ऐटीत लिहिला. माझ्या सुपरव्हायजर मॅडमनी तिच्या त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. "पानभर तूच बोललीयस. ती एवढंच?" कान तापले माझे.

पुढच्या सोमवारी गेले ती नुसती पेंढ्या बांधायला बसले. माझ्या सुटायच्या, ती हसत परत आवळायची. अंधार पडता पडता आपणहून बोलायला लागली. नवऱ्यानं टोळीच्या मुकादमाकडून मजुरीपोटी आगाऊ घेतलेली उचल फिटायच्या आत तो गेला, आणि मुकादमानं ती हिच्या नावावर चढवली. पेन्शन तिच्या डोक्यातही नव्हती.

आकडा किती, ते वहीत बघितल्याशिवाय कळायचं नाही, आणि वही मुकादमाकडे. माझी मार्चपर्यंतची मुदत, त्यांचा हंगामही साधारण तेव्हाच संपतो. मॅडम म्हणतात, वही मागायची की नाही हे आधी तिलाच विचार. उद्या जातेय.

तुझी,
मनीषा