चौकट आखून देणाऱ्या ताईंना

ताई,

आईचा पासपोर्ट आला. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. फोंडा बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून देता, त्या तुम्ही. आम्ही कदाचित लक्षातही नसू. अबोलीचा वळेसर माळलेली, कागदांची पिशवी पोटाशी धरून बसलेली बाई आठवली, तर ती माझी आई.

धाकटी बहीण दुबईत असते, तिचं पहिलं बाळंतपण. आईने जायचं हे ठरलेलंच होतं. पण पंढरपूर सोडलं तर गोव्याबाहेर पाऊल न टाकलेली बाई ती; कागदपत्रांपासूनच तयारी.

तुमच्याआधी आम्ही एका एजंटाकडे गेलो होतो. त्याचं नाव घेत नाही, घेतलं तर निम्म्या फोंड्याचा तो नातेवाईक निघायचा. आई समोर बसलेली असताना त्याने मला विचारलं, "म्हातारी शिकलीय किती?" चौथी म्हटल्यावर लागला घाबरवायला. दहावी नाही म्हणजे पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी लागण्याचा शेरा पडणार, गल्फला जाताना अडवणार, त्याचे वेगळे पैसे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ती अट लागतच नाही, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. साठीच्या वरच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये दहा टक्के सूट असते, १,५०० चे १,३५० होतात, हेही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. पैशांचं एक सोडा. आम्ही उठताना तो म्हणाला, "सही-बिहीच्या भानगडीत पडू नका. अंगठा घ्या, काम लवकर होतं."

घरी पोचेपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे मुख्यमंत्री असताना खेड्यापाड्यांत मराठी शाळा निघाल्या. त्यातल्याच एका शाळेत, सत्तरी तालुक्यात, आई चौथीपर्यंत शिकली. पुढची शाळा लांब, वाटेत नदी, विषय संपला. पण जेवढं शिकली तेवढं तिने कधी सुटू दिलं नाही. रोज पेपर वाचते. आधी निधनवार्ता, मग अग्रलेख, आणि दोन्हींवर तिचं मत असतं. त्या बाईला अंगठा लाव म्हणायचं!

तुमच्याकडे प्रत्येक प्रश्न तुम्ही तिलाच विचारलात. जन्म कुठला, माहेरचं नाव काय, अंगावर ओळखीची खूण कुठे. मी मध्ये तोंड घातलं तर म्हणालात, "त्यांना सांगू दे." सहीचा विषय निघाला तेव्हा मराठीत केली तर चालेल का, असं तिने दबक्या आवाजात विचारलं, "बाय, मराठींत सय केल्यार जाता गो?" तुम्ही की-बोर्डवरून हात काढलेत आणि म्हणालात, "जाता आजी. कित्याक जावची ना?"

मग तुम्ही झेरॉक्सचा एक कोरा कागद घेतलात, पट्टीने त्यावर एक लहान चौकट आखलीत आणि सांगितलंत की पणजीला अशाच चौकटीत सही करायची असते, रेघेला लागू द्यायची नाही. खाली पॅड दिलंत. स्वतःची खुर्ची दिलीत. आई सही करते म्हणजे पूर्ण नाव लिहिते, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, शाळेत शिकवली तशी डावीकडून उजवीकडे ओढते. पहिली चौकटीबाहेर गेली. तुम्ही दुसरी चौकट आखलीत. मग तिसरी. मागे माणसं ताटकळत होती, एकजण घड्याळ दाखवायला लागला, त्याला तुम्ही म्हणालात, "आजींचं होऊ दे." कागद भरला तेव्हा शेवटची सही चौकटीत नीट बसली होती. तो कागद तुम्ही टाकून दिला नाहीत, घडी करून तिच्या हातात दिलात. या कशाचे पैसेही लावले नाहीत.

पणजीच्या काउंटरवर तिने एका दमात सही केली. मी बाहेर होतो, मला नंतर कळलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याला कळलं होतं.

म्हाताऱ्या माणसाशी त्याच्याच तोंडाकडे बघून बोलणारे लोक किती कमी उरलेत, हे आई-वडिलांना घेऊन फिरायला लागलं की समजतं. बँकेत जा, दवाखान्यात जा, "यांना काय होतंय?" हा प्रश्न सोबतच्या माणसाला. यांना म्हणजे कोणाला? तोंड आहे ना त्यांना! तुम्हाला हे कोणी शिकवलं माहीत नाही. घरात आजी असणार, असा माझा अंदाज.

आणखी दोन उपकार. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळीचा विमानतळ, जीओएक्स असेल तर मोपाचा, हे तुम्ही सांगितल्यामुळे आमची गाडी आता बरोबर दिशेने निघेल. दुसरा मोठा. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू नेणार म्हटल्यावर तुम्ही आईला बजावलंत, "आजी, खसखस घालू नका. दुबईत बंदी आहे, माणसाला आत टाकतात." खसखशीसाठी तुरुंग, हे आईला अजून पटलेलं नाही. पण तुम्ही सांगितलं म्हणून तिने ऐकलं. आमचं ऐकलं नसतं.

तुमच्यासाठी तिने लाडू वेगळे वळलेत. त्यांत खसखस भरपूर आहे. रविवारी दुकान उघडं असतं का, तेवढं कळवा.