तंबोऱ्यांची जोडी फोडू नका

महोदय,

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि दिवाळीनंतर आम्हाला भाड्याच्या लहान घरात जायचे आहे. कपाटे, पलंग यांचे ठरले. अडले ते आईच्या मिरजेच्या दोन तंबोऱ्यांपाशी. आई घरी गाणे शिकवायची. ती गेल्यापासून तंबोरे गवसणीतच आहेत, कारण घरात आता कोणी गात नाही. भाऊ म्हणतो, आईची आठवण आहे, विकायची नाही.

त्याचे मन मला कळते, पण तंबोरा नुसता ठेवून टिकत नाही. तारा ताणलेल्या राहिल्या की तबली, म्हणजे तळाच्या भोपळ्यावरचे पातळ लाकडी झाकण, खचते, लाकडाला कीड लागते. परवा गवसणी काढली तर एका भोपळ्याला बारीक चीर गेलेली. मिरजेच्या एका कारागिरांना फोटो पाठवले. ते म्हणाले, चीर भरून देतो, जवारीही काढून देतो, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर घुमता करतो, पण पुढे कोणीतरी ते रोज छेडले पाहिजेत.

विकायचे म्हणून चार ठिकाणी सांगितले. एका हॉटेलवाल्यांना सजावटीसाठी एकच हवा होता. दुसऱ्या गृहस्थांना भोपळा कापून दिवा करायचा होता! दोघांनाही नाही म्हटले. ही जोडी म्हणूनच घडवलेली आणि जोडीनेच सुरात लावायची वाद्ये आहेत. गाणारा मधे बसतो, मागून दोन्हीकडून सूर येतो.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलवरचे अ‍ॅप यांना माझा विरोध नाही. लोकलने क्लासला जाणारी मुलगी एवढे मोठे वाद्य कुठे घेऊन फिरणार? पण आई नव्या विद्यार्थ्याला आधी तंबोरा लावायला बसवायची. तो नीट लागला की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या, तारेतून कोणी न छेडलेला गंधार (‘ग’ हा सूर) उमटतो, स्वयंभू गंधार. तो विद्यार्थ्याने स्वतःहून ओळखेपर्यंत बंदिश नाही, हा तिचा नियम होता. बटण दाबून मिळालेल्या सुरावर असा कान तयार होतो, असे मला वाटत नाही.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, फार आनंद झाला. पण घरोघरी बंद पडलेल्या जुन्या वाद्यांचीही कोणी दखल घ्यावी. शहरोशहरीच्या संगीत मंडळांनी एक साधी वही ठेवावी: कोणाकडे काय पडून आहे, कोणाला काय हवे आहे. नवा तंबोरा न परवडणारे विद्यार्थी कितीतरी आहेत.

आम्ही ठरवले आहे. दोन्ही तंबोरे मिरजेला दुरुस्त करून आणायचे आणि रियाज करणाऱ्यालाच जोडीने विकायचे. दुरुस्तीचा खर्च निघाला तरी पुरे. भाऊही आता तयार आहे. डोंबिवली-कल्याणकडच्या एखाद्या मंडळाने अशी वही सुरू केली, तर पहिली नोंद आमची घ्यावी.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)