बँकेच्या मुलाखतीविषयी अण्णांना

लंडन

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बँकेतील सॉफ्टवेअर अभियंत्याच्या नोकरीचे नियुक्तीपत्र आले आहे. मात्र ते कागदपत्रांच्या पडताळणीच्या अटीवर आहे. मुलाखतीत नेमके काय विचारतात, हे आपण फोनवर विचारले होते. नांदेडला चि. सुहासच्या महाविद्यालयातही आता कंपन्या येऊ लागतील, म्हणून सविस्तर लिहितो. पत्र त्यालाही वाचायला द्यावे.

पहिली फेरी ऑनलाइन, घड्याळ लावून. नमुन्याची उदाहरणे बरोबर आली तरी न दाखवलेल्या कसोट्यांवर प्रोग्राम चालवून पाहतात, आणि शंभर नोंदींना पुरणारे उत्तर दहा लाख नोंदींवर वेळेत संपले नाही, तर उमेदवार तिथेच बाद होतो. सुहासचा हा सराव चालूच आहे.

खरा कस दुसऱ्या फेरीत लागला. दोन अभियंत्यांनी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळती करण्याचे काम दिले आणि आधी विचारले, की रक्कम कोणत्या प्रकारच्या संख्येत ठेवणार? संगणक अपूर्णांक नेहमी ज्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) साठवतो, तीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज अगदी ०.३ येत नाही, म्हणून पैसे पूर्णांकात किंवा बिगडेसिमल या जावातील अचूक दशांश संख्येच्या प्रकारात ठेवतात. रोजकीर्द एका पैशाने जुळेना म्हणून परभणीची शाखा रात्रीपर्यंत उघडी ठेवणाऱ्या कॅशियरच्या मुलाला हे पटवून द्यावे लागले नाही. मग प्रश्न वाढत गेले. खात्यात हजार पौंड असताना दोन ठिकाणांहून एकाच क्षणी आठशे-आठशेची मागणी आली, तर दोघांनाही शिल्लक पुरेशी दिसेल. म्हणून व्यवहार होईपर्यंत खाते लॉक करायचे. पण एक व्यवहार पहिल्या खात्यातून दुसऱ्यात आणि दुसरा उलट दिशेने निघाला, तर दोघेही एकेक खाते अडवून एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात. यालाच डेडलॉक म्हणतात. लहान क्रमांकाचे खाते नेहमी आधी लॉक केले, की हा पेच सुटतो. नेटवर्क तुटून तीच विनंती पुन्हा आली, तर रक्कम दोनदा जाऊ नये म्हणून प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. प्रत्येक वेळी मी काय गृहीत धरले आहे, हे ते खोदून विचारत. सुहासने कोड लिहिण्याआधी शंका विचारण्याची सवय लावावी.

व्यवस्थापकांनी मतभेदाचा एखादा घडलेला प्रसंग विचारला आणि पुढे, नवी प्रणाली बिघडली तर माघारीची वाट कशी ठेवाल, हेही विचारले. येथे हा प्रश्न पुस्तकी नाही. टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीत हलवली, तेव्हा असंख्य लोकांना आपलीच खाती उघडता येईनात, आणि त्यापायी डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

माझ्याबरोबर बसलेल्या एका मुलीला मात्र जवळजवळ सगळे प्रश्न एसक्यूएलवर, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेवर आले, तर दुसऱ्या एकाशी तासभर त्याच्या जुन्या प्रकल्पावरच चर्चा झाली. ज्या विभागात जागा, तसे प्रश्न. प्रश्नसंच पाठ करून भागत नाही, हे क्लासवाले काही सांगणार नाहीत.

पडताळणीसाठी मूळ पदवी प्रमाणपत्राची प्रत हवी आहे. ते आतल्या खोलीतील कपाटात, विद्यापीठाच्या गुणपत्रिकांसोबत असेल. सुहास शनिवारी घरी आला, की दोन्ही बाजू स्कॅन करून पाठवायला सांगावे.

सौ. आईस नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
प्रशांत