रात्री झोपेतनं उठवणारं दुखणं मुका मार नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल मॅचेस सुरू झाल्या की कोल्हापुरातली निम्मी पोरं लंगडतच फिरतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, म्हणून लिहितोय. माझा भाचा सतरा वर्षांचा, गुडघ्याखाली दुखायचं. सगळे म्हणाले मुका मार आहे. मग चोळून झालं, पट्टी झाली, एका डॉक्टरनी इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या, साधा एक्स-रे काढा म्हणून कुणी बोललं नाही. शेवटी त्याची आजीच म्हणाली, अरे लागलेलं दुखणं पडून राहिलं की उतरतं, हे पोरगं तर रात्रीचं कण्हत उठतंय.

निघाला इविंग सार्कोमा. हाडाचा कॅन्सर, दुर्मिळ, पण होतो तो जास्त करून १० ते २० वयातच. सूज असते, कधी ताप पण येतो, त्यामुळं डॉक्टर पण फसू शकतात हे मान्य. पण "गाठ आहे ना, इथंच उघडून बघू" हे मात्र चालू देऊ नका. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, जिथं पुढं ऑपरेशन होणार तिथल्याच टीमनं करायची असते, कारण सुई गेलेली वाट पण नंतर गाठीबरोबर काढावी लागते, ती भलतीकडनं गेली तर पाय वाचवणं अवघड. इथल्या एका हाडाच्या डॉक्टरनी एमआरआय बघून हातच लावला नाही, सरळ परळला टाटाला पाठवलं, त्यांचे उपकार. आणि सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणणारे पाहुणे घरोघरी असतात, त्यांना चहा द्या आणि सोडून द्या, बायोप्सीशिवाय निदानच होत नाही.

ट्रीटमेंट जवळजवळ वर्षभराची. आधी केमो, मग ऑपरेशन नाहीतर रेडिएशन, परत केमो. केमोच्या आधी मुलाचं वीर्य साठवून ठेवता येतं, घरात कुणी हा विषय काढत नाही, पण डॉक्टरांना विचारा. आजार पसरलेला नसेल तर ७० टक्क्यांच्या आसपास पेशंट पाच वर्षांच्या पुढं जातात, फुप्फुसात किंवा दुसऱ्या हाडात गेला की तोच आकडा ३० च्या आसपास नाहीतर खालीच, म्हणून चोळण्यात महिने घालवू नका. तालमींच्या फुटबॉल कोचनी एवढं तरी बघावं.

जाता जाता, ट्रीटमेंटला जाताना कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट फुकट असतं, सोबतच्याला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलकडनं फॉर्म भरून घ्यायचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणारे कितीतरी जण पूर्ण पैसे भरून जातात.

एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर