प्रत्येक दवाखान्यात एक नादकाटा द्या: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

माझा भाऊ एके दिवशी सकाळी उठला तर उजवा कान एकदम बंद. दवाखान्यात गेला, मळ असेल नाहीतर सर्दीने झालं असेल म्हणून थेंब दिले, आठवड्याने परत गेला तर परत थेंबच, असं करत कानाच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत महिना उलटला. त्यांनी नादकाटा, म्हणजे शाळेच्या लॅबमध्ये असतो तो ट्युनिंग फोर्क, वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारलं आवाज कुठं येतोय. भाऊ म्हणाला डावीकडे, म्हणजे चांगल्या कानात. मळ किंवा पडद्याचा प्रॉब्लेम असता तर बंद कानातच जास्त आला असता, हे आतल्या कानाचं किंवा नसेचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. अर्धा मिनिट लागला असेल.

ही वेबर टेस्ट 1834 ची. दुसरी रिने, 1855 ची: काटा आधी कानामागच्या हाडावर, मग कानाच्या तोंडाशी. कानाशी मोठा ऐकू आला तर नॉर्मल किंवा नसेचं, हाडावर मोठा आला तर आवाज आत पोचायच्या वाटेतच अडथळा. पण एकटी रिने फसवू शकते, कारण कान पूर्ण गेला असेल तर हाडावरचा आवाज कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानाला ऐकू जातो आणि पेशंट 'येतोय' म्हणतो. म्हणून दोन्ही एकत्रच करायच्या, हे ट्रेनिंगमध्ये ठासून सांगायला हवं!

मागणी एवढीच, प्रत्येक प्राथमिक दवाखान्यात 512 हर्ट्झचा एक काटा द्या (कमी हर्ट्झचा नको, त्याचा आवाज ऐकू येण्याऐवजी थरथरच जास्त जाणवते) आणि तिथल्या डॉक्टर-नर्सना तो वापरायला शिकवा. याला वीज लागत नाही. ऑडिओमेट्रीची, म्हणजे मशीनवर ऐकू येण्याच्या तपासणीची, जागा हा घेणार नाही हे मान्य, पण कुणाला ताबडतोब पुढे पाठवायचं हे तर कळेल. तीन दिवसांच्या आत अचानक ऐकू येणं गेलं आणि वेबर टेस्टमध्ये आवाज चांगल्या कानात आला, तर त्या पेशंटला थेंब देऊन घरी पाठवू नका, त्याच दिवशी रेफर करा असा लेखी नियम काढा. अशा अचानक गेलेल्या कानाला स्टेरॉइड औषधाचा उपयोग व्हायचा तर तो मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत, आमचे ते थेंबात गेले.

भावाचा कान परत आला नाही. नियम कधी निघेल ते कळवा, मी वाट बघतेय.

एक बहीण