मन्या, बाबांनी टोकन देऊन टाकलं बे

प्रिय मन्या,

तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच, नसतील तर आधी घालून घे. इकडे तब्येती ठीक. आईची शुगर खालीवर, बाबांना डॉक्टरने मीठ कमी करायला सांगितलं तर ते लोणचं मिठात धरतच नाहीत. फोन केला असता पण घरात बोलता येत नाही आणि तू फोनवर पूर्ण ऐकून घेत नाहीस, मधेच सल्ला देतोस.

तर झालं असं की बाबांनी माझ्यासाठी फ्लॅटचं टोकन देऊन टाकलं. मला न विचारता.

रविवारी आईचा फोन आला, चला सगळे मिळून बाहेर जेवू, सावजी नको, एसी असलं पाहिजे. बाबा आणि एसीत जेवण, तिथेच मला खटकायला पाहिजे होतं. मनीषनगर ओलांडून गाडी बेसाकडे गेली आणि एका अर्धवट बिल्डिंगसमोर थांबली. बाहेर मंडप, कूलर, थंड पन्हं, आणि टाय लावलेलं एक पोट्टं, त्या उन्हात टाय! तो बाबांना 'काका, या या' म्हणाला आणि बाबांनी त्याला नावाने हाक मारली. म्हणजे आधी येऊन गेले होते.

सॅम्पल फ्लॅट पाहिलास का कधी नीट? तुझ्या वेळी तू नुसतं हो हो करत फिरला होतास. खोल्यांना दरवाजेच नसतात, म्हणजे जागा मोठी वाटते. पलंगावर मी झोपून पाहिलं तर पाय बाहेर. टीव्ही पुठ्ठ्याचा. आई किचनमध्ये उभी राहून ओट्यावरून हात फिरवत होती आणि म्हणाली, "इथे देव्हारा बसते." मी काही बोलणार तोवर मागे वळून पाहतो तर बाबा टेबलावर चेक लिहून राहिले होते. त्यांचं चेक लिहिणं तुला माहीत आहे, आधी पेनचं टोपण मागे लावतील, मग कागदावर रेघ ओढून शाई पाहतील, मग 'रुपये एक्कावन्न हजार फक्त' आणि पुढे दोन रेघा, कोणी काही घुसडू नये म्हणून. मी त्या पोट्ट्यासमोर काय तमाशा करणार?

आता हिशोब ऐक, तुला चिडायला मजा येईल. फ्लॅट 48 लाखांचा. 45 च्या आत असता तर जीएसटी 1 टक्का, हा वर गेला म्हणून 5. टाय म्हणे, "काका, 45 च्या आत बसवू, बाकीचं कॅशमध्ये पाहू." बाबा म्हणाले, "नाही, पूर्ण चेकने." आयुष्यभर हाच माणूस. मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के, नोंदणीचे 30 हजार. बाबा पटकन म्हणाले की सुनेच्या एकटीच्या नावाने घे, एक टक्का वाचते, आणि वृषाली कूलरकडे पाहत राहिली. बँक 80 टक्क्यांच्या वर देणार नाही, म्हणजे 38 लाख कर्ज, साडेआठ टक्क्याने 20 वर्षं, हप्ता 33 हजार. मी आता त्रिमूर्तीनगरला किराया 13 हजार देतो, वृषालीची शाळा जवळ, पोरीची व्हॅन दारात येते. माझ्या कंपनीत दर तीन महिन्याला 'टीम हैदराबादला हलवू' चालू असते. हे सगळं मी बाबांना सांगितलं तर एकच वाक्य, "किराया म्हणजे पाण्यात पैसे." तू पण तुझ्या वास्तुपूजनाला हेच म्हणाला होतास आणि मी पंगतीत बसून व्याजाचा हिशोब सांगितला, मग तू सहा महिने बोलला नाहीस. हिशोब अजूनही बरोबर आहे हां, वहिनींना विचार.

पण मन्या, हे रडगाणं नव्याने लिहायला मी बसलो नाही. किरायाचं टोमणं तर कोराडीची क्वार्टर सोडल्यापासून ऐकून राहिलो. खरी गोष्ट पुढे आहे.

परत येताना वृषाली गप्प. मला वाटलं चिडली. घरी आल्यावर कूलरमध्ये पाणी भरता भरता म्हणाली, "ते तुला घर घेऊन देत नाहीयेत, धाकट्या गोलूला मोकळं करून देऊन राहिले. तुला अजून नाही कळलं?"

नव्हतं कळलं. गोलूसाठी अमरावतीचं स्थळ आलं होतं ना, मुलगी बँकेत, सगळं जुळत आलं होतं. मोठ्या बाबांनी मध्यस्थी केली. तिकडून एकच प्रश्न आला म्हणे, मोठा मुलगा किरायाने राहतो, म्हणजे उद्या परत येईल का? आणि वरचा मजला कोणाचा?

वरचा मजला आहे कुठे बे! हुडकेश्वरच्या घराच्या गच्चीवर सळाखी उभ्या आहेत फक्त. आठवते ना तुला, गंज चढू नये म्हणून बाबांनी त्यांच्यावर उलट्या बाटल्या घातल्या होत्या आणि तू त्यातली एक काढून नेमबाजी केली होतीस. तो प्लॉट, ते लेआउट, गुंठेवारीत नियमित व्हायचं म्हणून नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या चकरा, डिमांडचे पैसे भरून आरएल, म्हणजे नियमित केल्याचं पत्र, हातात आलं तेव्हा बाबांनी कागदाला हळदकुंकू वाहिलं होतं. आणि मला गच्चीवर नेऊन म्हणाले होते, "खालचा गोलूचा, वरचा तुझा." मी कॉलेजला होतो, मला काय करायचं होतं वरच्या मजल्याचं, पण ऐकून बरं वाटलं होतं, खोटं काऊन बोलू.

आता त्या सळाखींमुळे पोराचं लग्न अडलं. मोठ्याचं स्वतःचं घर झालं की अमरावतीला सांगता येते, त्याचं सगळं बेसाला आहे, इकडे त्याचं काही नाही. कोणी मला असं तोंडाने म्हटलं नाही. बाबा नाही, आई नाही, गोलूला तर मला वाटते माहीतच नाही, तो येडा मला फोन करून म्हणतो, दादा अभिनंदन, पार्टी कधी.

आणि सगळ्यात हसण्यासारखं काय माहीत आहे? मी ऑफिसातल्या वकिलीण बाईंना सहज विचारलं, हक्कसोडपत्र करून देऊ का. त्या म्हणाल्या, वडील आहेत ना, घर त्यांनी स्वतः कमावलेलं ना, मग तुमचा हक्क आहेच कुठे सोडायला? वडिलांनी धाकट्याला बक्षीसपत्र करून द्यावं, मुलाला राहतं घर देताना मुद्रांक 200 रुपये, वरून थोडा सेस. किंवा साध्या कागदावर मृत्युपत्र, दोन साक्षीदार. म्हणजे बघ, जे काम 200 रुपयांच्या मुद्रांकावर होते ते बाबा माझ्या 38 लाखांच्या कर्जाने करून राहिले.

मला घर नको असं नाही रे. गोलूला ते घर मिळू नये असं तर बिलकुल नाही, तोच राहतो तिथे, रात्री बाबांना दवाखान्यात तोच नेतो, मी पोचेपर्यंत सलाइन लागलेलं असते. मला राग याचा आहे की मला बाहेर काढायचं आहे आणि ते देव्हाऱ्याची जागा दाखवून काढून राहिले. मला सरळ सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी सही केली असती. वृषाली म्हणते, सरळ सांगता आलं असतं तर चेक काऊन फाडला असता, बाबांना तेच तर जमत नाही. कदाचित खरं असेल. एक्कावन्न हजार त्यांच्या एफडीतले आहेत, मोडलेल्या.

आता पेच असा. मी बाबांना म्हणू शकतो, चेक परत आणा, गोलूला बक्षीसपत्र करून द्या, मी साक्षीदार म्हणून सही करतो. पण हे म्हटलं की जे कोणीच बोललं नाही ते मीच बोललो असं होते. आई रडेल, मी असं म्हटलंच कधी म्हणून. आणि खरंच तिने म्हटलं नाही. तुमच्या महालच्या वाड्याचं झालं तेव्हा तुझे बाबा सगळं बोलून मोकळे झाले होते आणि मग तुझ्या काकांकडे तू दहा दिवाळ्या गेला नाहीस. मला ते नको आहे. आणि गप्प बसून 20 वर्षं हप्ता भरणं पण नको आहे. म्हणून तुला लिहून राहिलो, बाकी कोणाला हे सांगितलं तर ते म्हणतील, अरे बाप पैसे देतो आणि तू रडतोस?

टोकनचं मी विचारलं. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, रेराचा नियम आहे, पण एवढं टोकन परत देतात का यावर टाय म्हणाला, "सर, पाहू ना." पंधरा दिवसांत बुकिंगचा फॉर्म भरायचा आहे. तोपर्यंत काय ते.

तुझं काय? गुडघा बरा का? पोरीची ॲडमिशन झाली का त्या शाळेत, का अजून डोनेशनवर अडलंय? वहिनींची बदली रद्द झाली हे आईकडून कळलं, बरं झालं. गणपतीत येणार असशील तर आधी सांग, मागच्या वेळेसारखं स्टेशनवरून फोन नको.

एक काम कर. बाबा तुझं ऐकतात, का ऐकतात देव जाणे, तू त्यांची बाटली फोडली होतीस. त्यांना फोन कर पण माझं काही बोलू नको, नुसतं विचार की काका, गोलूच्या लग्नाचं कुठवर आलं, आणि मग त्यांना बोलू दे. तू मधे बोलू नको, हे तुला जमणार नाही, तरी प्रयत्न कर. संध्याकाळी सातनंतर कर, सातपर्यंत ते बातम्या पाहतात. मग मला सांग ते काय म्हणाले, जसंच्या तसं, तुझा मसाला न टाकता.

तुझा,
बाळ्या